सात नंबरचं घर गळत नाही

१

माझं काम मला फार आवडतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेल, बाई कामाला विटली होती, म्हणून तिला भास व्हायला लागले.

मी नवी घरं तपासते. रंगाचा वास न गेलेली, आत अजून कुणी खुर्चीसुद्धा न नेलेली घरं. पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवायचा, त्याच्या भोकात मोठा पंखा लावायचा, घरातली हवा बाहेर ओढायची आणि ती कुठल्या फटींतून परत आत येते ते बघायचं. जितकी कमी येईल तितकं घर घट्ट. त्याचा एक आकडा निघतो, आकड्यावरून ऊर्जेचं प्रमाणपत्र बनतं, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय बिल्डरला घराची किल्ली देता येत नाही. एकोणीस वर्षं मी हे करते आहे. माझा नवरा होता तेव्हा म्हणायचा, "नेस्ता, तू घरांची डॉक्टरीण. पण तुझा एक तरी पेशंट कधी 'आ' करतो का?"

त्या गुरुवारी मात्र मी पहाटे पाचपासून उठून बसले होते. दोन वेळा चहा झाला, तव्यावरचे केक भाजून डब्यात भरून झाले, तरी उजाडेना. कारण सात नंबरचं घर माझ्या लेकीचं होतं!

माब्ली, तिचा नवरा ग्विऑन आणि माझी नात बेगू तीन वर्षं नदीकाठच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होते. खाली मासे-बटाट्याचं दुकान, वर ओल. भिंतीवर काळी बुरशी, पुसली की आठवड्यात परत हजर. बेगू दोन वर्षांची. तिला दमा. गेल्या हिवाळ्यात तीनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी मला शिकवलं होतं, तिच्या छातीवर नजर ठेवायची आणि श्वास मोजायचे. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की वाट बघायची नाही. इतक्या वेळा मोजलेत मी ते, की डोळे मिटून सांगेन. पाच सरळ, मग एक अडखळ, मग दोन घाईघाईनं. दम लागला की बेगू अशीच श्वास घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, "औषधं मी देतोच, पण खरं औषध म्हणजे कोरडं घर."

आणि शनिवारी तर चमत्कारच झाला होता. बिल्डरनं आम्हाला घर बघायला नेलं. बेगू दुडूदुडू जिना चढली, वरच्या छोट्या खोलीत गेली आणि जमिनीला गाल लावून पडून राहिली. उठेचना! शेवटी ग्विऑननं उचलून आणली. त्या दिवसापासून तिचा खोकला बंद. एकदाही नाही. पाच दिवस! माब्लीचा रोज सकाळी फोन, "आई, आजही नाही!" आणि मी इकडे स्वयंपाकघरात नाचते.

आमच्या अर्जावर एक प्रश्न असतो, मालकाशी तुमचं काही नातं आहे का? मी लिहिलं, आहे, माझी मुलगी आहे. ऑफिसातल्या साहेबांनी सुस्कारा सोडला. दुसरा तपासनीस पाय मोडून घरी बसलेला, मग पाठवणार कुणाला? "जा," म्हणाले. "पंख्याला नातं कळत नाही."

२

डोंगरावर कडक गारठा होता, शून्याच्या दोन खाली. गवत पांढरं झालेलं. वाऱ्याचं नाव नाही, म्हणजे माझ्या कामाला अगदी हवा तसा दिवस. बारा घरांच्या त्या नव्या वस्तीत साइटवरचा मुख्य माणूस एमरिस, पोट पुढे काढून माझी वाटच बघत होता.

"आल्या, जावयाच्या सासूबाई आल्या!" तो ओरडला. "आता आमचं काही खरं नाही."

"सासूबाई असेन ग्विऑनची. तुझी मी फक्त डोकेदुखी," मी म्हटलं. "केक आणलेत. पण आकडा बघितल्याशिवाय मिळणार नाहीत."

"आज नापास केलंस तर तुझी लेक तुला दारात उभी करणार नाही, सांगून ठेवतो."

"नापास झालं तर मी तुला उभं करणार नाही."

अशी आमची बोलणी चालू असताना मी कामाला लागले. खिडक्यांवरच्या बारीक झरोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. चाचणीपुरत्या लावायच्या आणि मग काढून टाकायच्या, हा नियम. न काढणारे बिल्डर मी पाहिलेत, आणि त्यांना असं झापलंय की पुन्हा हिंमत केली नाही. मोरीच्या जाळ्यांत पाणी ओतलं, आतली सगळी दारं उघडून खाली पाचरी मारल्या. पुढच्या दारात लाल पडदा, पडद्यात पंखा, पंख्याजवळ दाबाचा मीटर. दोघं आत उभे राहिलो आणि मी पंखा सुरू केला.

नकाशात तीनचा वायदा होता. तीनच्या आत आलं तर प्रमाणपत्रावर 'ए', जरा वर गेलं तर 'बी'. माब्लीनं फ्रिजवर 'ए'साठी जागासुद्धा राखून ठेवली होती. पंखा नेहमी आधी गुरगुरतो, मग त्याला दम लागतो. आज तो हळूच घुमला आणि शांत झाला, त्याला काही करायलाच नाही असा.

शून्य पूर्णांक नऊ.

मी डोळे चोळले. एमरिसनं वाकून बघितलं, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि मग हॉलच्या मधोमध उडीच मारली. "शून्य पूर्णांक नऊ! नेस्ता, अख्ख्या जिल्ह्यात असं घर नाही!"

"देशात नसेल!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघं म्हातारे हात धरून गोल फिरलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं माझं छप्परच उडेल आनंदानं. बेगूसाठी असं घर!

३

पण आकडा फार चांगला आला की मला चैन पडत नाही. सवय आहे. आणि एमरिस माझा मित्र असला तरी त्याची माणसं दारं उलटी बसवतात, हे मला माहीत होतं. अशा हातांचं घर शून्य पूर्णांक नऊ कसं? पंखा चालू ठेवून मी वर गेले.

भोक लगेच सापडलं. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट छोट्या खोलीला लागून होतं. तिथं मोठा पाइप भिंतीतून जात होता, आणि त्याच्याभोवतीची फट बुजवायचा मसाला कुणी लावलेलाच नव्हता. माझी मूठ जाईल एवढं भोक. एवढ्या भोकातून, पंखा ओढत असताना, हवेनं शीळ घालत आत यायला हवं. आकडा चारच्या पुढे जायला हवा.

आम्ही हवा कशी बघतो, सांगते. हाताची मागची बाजू जिभेनं ओली करायची आणि फटीसमोर धरायची. तळहातापेक्षा तिथली कातडी फार हुशार असते, केसाएवढी झुळूकही सांगते. मी हात ओला केला, भोकासमोर धरला.

काही नाही.

पलीकडे, थंडी अडवायला भिंतीत भरतात ती लोकर दाबून बसली असेल, असं मनात आलं. असंही होतं कधीकधी. पण मग तिथून गारवा तरी यायला हवा होता, बाहेर शून्याच्या खाली होतं. गारवा नव्हता. भोकाच्या तोंडाशी कोमट होतं. टाकीमुळे असेल, असं मी ठरवलं, आणि मग आठवलं, टाकी अजून चालूच केली नाही.

मी धुराची कांडी पेटवली. धुराची रेघ सरळ वर गेली, मग भोकाकडे वाकली. मग परत माझ्याकडे वाकली. मग भोकाकडे.

"काय गं," खालून एमरिस ओरडला, "सापडलं का भोक?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? त्या आकड्याचा लोभ सुटला मला, दुसरं काय. बेगूचं घर होतं ना ते.

४

खाली आले, पंखा बंद केला, त्यावर झाकण लावलं. आता मीटर शून्यावर यायला हवा. वारा असला तर थोडा हलतो, नसला तर पडून राहतो.

मीटर दोनवर गेला. मग उणे दोनवर. मग दोनवर.

"बिघडलाय," एमरिस म्हणाला. त्याचं लक्ष केकच्या डब्याकडे होतं.

"वारा असेल," मी म्हटलं आणि खिडकीतून बघितलं. समोरच्या मळ्यातल्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, सरळसोट, काठी रोवल्यासारखा. मी मीटरची नळी बदलली. बॅटरी बदलली. गाडीतून दुसरा मीटर आणून लावला. दोन, उणे दोन, दोन, उणे दोन. दोन्ही मीटर एकमेकांच्या सुरात.

मग एकदम अडखळले.

माझा हात नकळत घड्याळाकडे गेला. पाच सरळ. एक अडखळ. दोन घाईघाईनं. पाच सरळ. एक अडखळ. दोन घाईघाईनं. मी पूर्ण मिनिट मोजलं. चव्वेचाळीस.

वेडेपणा, मी मनाशी म्हटलं, नेस्ता, तू हिवाळाभर हेच मोजत बसलीस, आता तुला किटलीच्या उकळ्यांतही तेच ऐकू येणार. यंत्राला सांग तुझ्या नातीचं नाव, तेही तुला ओ देईल! पण एकोणीस वर्षांत माझ्या मीटरनं मला फसवलेलं नाही. मी कोपऱ्यात जाऊन माब्लीला फोन लावला.

"आई! पास ना?" पलीकडे खोकी ओढल्याचा, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज.

"बघतेय अजून. बेगू कशी आहे?"

"मस्त! खोकला नाही की काही नाही. शनिवारपासून काय शहाणी झालीय म्हणून सांगू, हूं नाही की चूं नाही. नुसती हसते. आई, आम्ही निघतोच आहोत, एक वाजता तिथं. ग्विऑननं गाडी भरलीसुद्धा. आई? किल्ली मिळेल ना गं?"

"मिळेल," मी म्हटलं. मीटरकडे बघत होते. त्यातला आकडा आत येत होता, बाहेर जात होता.

५

मग मी जे केलं ते एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. ते घर नापास करायचं, असं मी ठरवलं. कारण विचाराल तर सांगता येणार नव्हतं. त्या घरात काय आहे मला माहीत नव्हतं, पण त्यानं माझ्या नातीचा दमा उचलला होता, आणि तिथं तिला मी झोपवणार नव्हते. लेक वर्षभर बोलली नसती तरी चाललं असतं. ओल परवडली.

नापास करणं सोपं असतं. एक खिडकी उघडी ठेवायची. मी वर गेले आणि त्या छोट्या खोलीची खिडकी वीतभर बाहेर ढकलली, खिट्टीवर अडकवली. खोलीत काही नव्हतं. नवी फरशी, पांढऱ्या भिंती. बेगूनं गाल टेकला होता तिथं एक ओलसर डाग होता, तिच्या गालाएवढा. पाच दिवसांनी तो वाळायला हवा होता.

"दुसऱ्यांदा मोजायचंय," मी एमरिसला म्हटलं. "आकडा फार चांगला आलाय, ऑफिसात कुणी विश्वास ठेवणार नाही. या वेळी बाहेरून मोजू, आत कुणी नको."

"तू म्हणशील तसं. पण केक?"

"खा. सगळे खा."

तो पायरीवर डबा घेऊन बसला. मी पंखा सुरू केला आणि तो गुरगुरला, असा गुरगुरला की मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. अकरा! वीतभर खिडकीतून वारा आत धावत होता. एमरिसच्या तोंडातला केक घशात अडकला. "अकरा? अगं, काय झालं?"

"थांब," मी म्हटलं. मनात म्हटलं, सुटलो.

आणि पंख्याचा आवाज बसायला लागला. मी हात लावला नव्हता. नऊ. सहा. साडेतीन. पंखा परत तसाच हळू घुमायला लागला, त्याला काही करायलाच नाही असा. दीड. शून्य पूर्णांक नऊ.

"हुश्श!" एमरिसनं कपाळ पुसलं. "जीव घेतेस माणसाचा."

खिडकी वाऱ्यानं बंद झाली असेल, पंख्यानं आत ओढून घेतली असेल, खिट्टी सुटली असेल. वारा नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी हे सगळं पुटपुटत घराच्या बाजूनं धावले. पांढऱ्या गवतावर उभी राहून वर बघितलं.

खिडकी उघडीच होती. वीतभर, मी ठेवली तशीच. त्या फटीतून मला खोलीचं छत दिसायला हवं होतं, दिव्याची वायर दिसायला हवी होती. दिसत नव्हती. फट भरलेली होती. वरपासून खालपर्यंत, कोपरान् कोपरा, ताज्या गिलाव्याच्या रंगाचं काहीतरी तिथं काळजीनं दाबून बसलं होतं. आपण दाराखाली फडकं खोचतो ना, वारा लागू नये म्हणून, तसं. ओलसर होतं. आणि ते आत-बाहेर होत होतं. पाच सरळ. एक अडखळ. दोन घाईघाईनं.

मग ते थांबलं. मी बघतेय हे त्याला कळलं, म्हणून थांबलं असावं.

मागे वळले आणि एमरिसच्या दिशेनं, चालता येईल तेवढं भरभर चालत सुटले.

६

एक वाजायला दहा मिनिटं असताना गाडी आली. ग्विऑन भोंगा वाजवत आला, माब्ली गाडी थांबायच्या आत दार उघडून उतरली. "आई!" तिनं मला कवेत घेतलं. तिच्या केसांना त्या खोलीचा, बुरशीचा वास होता. माझ्या घशात शब्द तयार होते. नापास. दोन आठवडे थांबा. मसाला भरावा लागेल. मी सगळं जुळवलं होतं.

"धर हिला," माब्ली म्हणाली आणि बेगूला माझ्या हातात दिलं.

गाल गुलाबी, डोळे चमकत. मला बघून हसली, ओठ मिटून. नेहमी ती "मामगी!" अशी आजीला हाक मारून माझं नाक ओढते. आज नुसती हसली.

आम्ही पायरीवर घोळका करून उभे होतो. सगळे एकदम बोलत होते, आणि थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. एमरिसची ढगाएवढी. माब्लीची, ग्विऑनची. माझी तर भीतीनं भराभर. बेगूचं तोंड माझ्या तोंडापासून टीचभर होतं आणि तिच्या नाकासमोर हवा स्वच्छ होती.

मी हाताची मागची बाजू ओली केली आणि तिच्या नाकासमोर धरली.

काही नाही.

हात गारठला असेल. मी तो कोटात चोळला, पुन्हा ओला केला, पुन्हा धरला. मोजायला लागले. दहा. वीस. तिसावर पोचले तेव्हा माझेच डोळे भरून आले.

"आई, तिचं नाक पुसतेस की काय करतेस?" माब्ली हसली. "आणि चेहरा असा का? आई... पास नाही झालं?"

माब्लीची हनुवटी थरथरली. तिच्या मागे गाडी, गाडीत त्यांचा सगळा संसार, आणि माझ्या हातात बेगू, हलकी, आधीपेक्षा खूप हलकी. पंखा बंद होता, पडद्याशेजारी मीटर लटकत होता. दोन. उणे दोन. दोन.

शनिवारपासून ती खोकली नव्हती. आम्ही नाचलो होतो. आणि आता मला कळलं होतं की तिचा खोकला कुठं राहिला आहे, आणि खोकल्याबरोबर काय काय राहिलंय. ते पोरीकडे परत आणता येणार नव्हतं. पोरीला तिथं नेता येणार होतं.

"पास?" मी म्हटलं. "पास काय विचारतेस! शून्य पूर्णांक नऊ! 'ए'! देशात नाही असं घर!"

७

गाडीच्या बोनटवर कागद ठेवून मी सही केली. माब्ली रडत होती, ग्विऑन एमरिसची पाठ थोपटत होता. मी लाल पडदा ओढून काढला आणि कुणाची वाट न बघता बेगूला घेऊन आधी मीच उंबरठा ओलांडला.

हॉलमध्ये काही नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर काही नाही. दुसऱ्या पायरीवर तिची बोटं माझ्या कॉलरमध्ये रुतली. तिसऱ्या पायरीवर तिनं तोंड उघडलं, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा एक लांबलचक श्वास आत ओढला आणि खोकली.

काय खोकली! तोच खोकला, घशाच्या तळातून आलेला, शिट्टीसकट. तिचा ऊनऊन श्वास माझ्या मानेवर आपटला.

मी हसायला लागले. रडायलाही लागले. तिला छातीशी धरून जिन्यातच गोल फिरले. "खोक गं माझी बाय! खोक!"

"आई!" माब्ली दारात उभी, चेहरा पडलेला. "पोरगी परत खोकतेय आणि तू हसतेस? वेड लागलंय का तुला?"

"मामगी," बेगू म्हणाली आणि माझं नाक ओढलं.

मी मान वळवून दाराशी लटकलेल्या मीटरकडे बघितलं. शून्य. अगदी स्थिर.

वर गेले तेव्हा छोट्या खोलीची खिडकी बंद होती, खिट्टी लावलेली. टाकीच्या कपाटातलं भोक मी स्वतःच्या हातानं भरलं, मसाल्याच्या दोन नळ्या रिकाम्या केल्या. निघताना एमरिसनं विचारलं, "झरोक्यांच्या पट्ट्या काढू का आता?"

"मी काढते," मी म्हटलं.

एकही काढली नाही.

८

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी दर शनिवारी जायचे. डब्यात केक, खिशात चिकटपट्टी. माब्ली स्वयंपाकघरात असली की मी वर जाऊन एकेक खिडकी चाचपायचे. 'ए' फ्रिजवर लावलेला, हिरवागार. बेगू घरात खोकायची, बागेत नेलं की गप्प व्हायची. बागेत मी तिच्या नाकासमोर हात धरायचे नाही. एकदा धरला, पुरे झालं. दहा मिनिटांत काहीतरी निमित्त काढून तिला आत आणायचे, आणि जिन्याशी ती खोकली की माझा जीव भांड्यात पडायचा.

हे सगळं माझ्या डोक्यातलं असू शकतं, हे मला कळतं. गारठलेला हात, सरकलेली नळी, अंधाऱ्या खोलीची उघडी खिडकी. मी स्वतःला असं दर शनिवारी समजावलं आहे, परतीच्या वाटेवर, आणि प्रत्येक वेळी ते पटलंही आहे, पुढच्या शनिवारपर्यंत.

आज मंगळवार. मी इथं चाळीस मैलांवर, दुसऱ्याच कुणाच्या नव्या घराच्या दारात उभी. पंखा चालू आहे. मे महिन्यातलं पहिलं खरं ऊन पडलंय, आणि आत्ता माब्लीचा फोन आला होता, आनंदानं नुसती चिवचिवत होती.

"आई, ऐक तर! डॉक्टरांकडे गेले होते सकाळी. मी म्हटलं, बाहेर बरी असते, घरातच खोकते, असं का? ते म्हणाले, घरात ताजी हवा येत नसेल. आणि आई, कमाल बघ, तुझ्या त्या पट्ट्या! सगळ्या झरोक्यांवर तशाच होत्या! तू विसरलीस? तू? एमरिसनं आज येऊन सगळ्या काढून दिल्या, हसून हसून लोळला. म्हणाला, नेस्ताला आता पेन्शन द्या."

"माब्ली," मी म्हटलं.

"आणि मी सगळ्या खिडक्या उघडल्यात! नऊच्या नऊ, सताड! पुढचं दार, मागचं दार. काय सुंदर वारा येतोय म्हणून सांगू, पडदे उडतायत. घराचा वासच बदलला."

एक खिडकी ते अडवू शकतं. मी बघितलंय. पण नऊ खिडक्या आणि दोन दारं?

"बेगू कुठंय?"

"वर, तिच्या खोलीत, जमिनीवर झोपलीय. गंमत सांगू? घरात असून तासभर एकदाही खोकली नाही! आई? आई, आहेस ना?"

मी पंखा तसाच सोडून गाडीकडे पळत सुटले होते.